धावत्या गाडीतील स्वयंपाकघर : रेल्वेचे जेवण आणि जबाबदारीचा प्रश्न

लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशाच्या ताटात काय पडते, हे भारतीय रेल्वेच्या इतिहासात मुख्यतः तीन गोष्टींनी ठरवले आहे. गाडी कोठे आणि किती वेळ थांबते ही पहिली गोष्ट, धावत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येते की नाही ही दुसरी, आणि शिजवलेल्या अन्नाबद्दल जाब कोणाला विचारायचा ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी अभियांत्रिकीच्या असल्यामुळे त्या काळानुसार सुटत गेल्या. तिसरी प्रशासनाची आणि न्यायाची असल्यामुळे ती आजही अनिर्णित आहे. रेल्वेच्या जेवणाविषयी होणारी चर्चा बहुधा चवीपाशी सुरू होते आणि चवीपाशीच संपते; परंतु ही चव ज्या व्यवस्थेतून निर्माण होते ती समजून घेतल्याखेरीज ती सुधारण्याचा मार्ग सापडणार नाही.

थांब्यांचा काळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर पहिल्या प्रवासी गाडीने कापले तेव्हा प्रवासातील जेवणाचा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. पुढच्या दोन दशकांत लोहमार्ग घाट ओलांडून देशभर पसरले, प्रवास दिवसांच्या हिशेबात मोजला जाऊ लागला आणि हा प्रश्न उभा राहिला. त्या काळचे डबे एकमेकांपासून पूर्णपणे अलग असत आणि एकदा दार बंद झाले की पुढच्या स्थानकापर्यंत प्रवाशाला आपल्या कप्प्याबाहेर पडता येत नसे. साहजिकच जेवण मिळण्याचे ठिकाण स्थानक हेच होते आणि जेवणाची वेळ इंजिनाच्या गरजेनुसार ठरत होती. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा घ्यावा लागे. ज्या स्थानकावर हा थांबा मोठा असे, तेथे उपाहारगृह उभे राहत असे.

ही उपाहारगृहे रेल्वे कंपन्या सहसा स्वतः चालवत नसत. पूर्व भारतात ईस्ट इंडियन रेल्वेच्या मार्गावर केलनर, मुंबईहून निघणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला अर्थात जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावर ब्रँडन आणि दक्षिणेत स्पेन्सर या व्यापारी पेढ्यांकडे हे काम होते. बेंगाल नागपूर रेल्वेने मात्र स्वतःचा भोजन विभाग उभारला आणि त्याचा लौकिक दीर्घकाळ टिकला. ठेकेदाराकडून सेवा घ्यावी की रेल्वेने ती स्वतः द्यावी, हा आजही चालू असलेला वाद म्हणजे या दोन पद्धतींमधील जुन्या निवडीचाच पुढचा भाग आहे.

महाराष्ट्रात थांबा आणि खाद्यपदार्थ यांचे नाते घाटांच्या पायथ्याशी सर्वांत स्पष्ट दिसते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील मार्गाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जत येथे मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ही जोडणी होईपर्यंत गाडीला थांबणे भाग असते आणि त्याच काही मिनिटांत कर्जतच्या बटाटावड्याचा व्यवहार उभा राहिला. थळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कसाऱ्याची आणि माथ्यावरील इगतपुरीची कथाही हीच आहे. लोणावळ्याची चिक्की, भुसावळची केळी आणि नागपूरची संत्री यांना प्रवाशांच्या ओंजळीत पोचवणारी यंत्रणा थांब्यांनीच निर्माण केली. त्यामागे रेल्वेचे कोणतेही धोरण नव्हते. गाडी थांबत होती, स्थानिक विक्रेत्याला गिऱ्हाईक ठाऊक होते आणि पदार्थ ताजा असल्याशिवाय तो विकला जात नव्हता.

पाणी, पंगत आणि तिसरा वर्ग

रेल्वेने भिन्न जातिधर्मांच्या माणसांना एका डब्यात बसवले, पण पाण्याच्या आणि अन्नाच्या बाबतीत तिने समाजातील भेद स्थानकावर जसेच्या तसे आणून ठेवले. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे पुकारत पाणी देणारे वेगवेगळे पाणके फलाटांवर नेमलेले असत आणि युरोपीय, हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी स्वतंत्र उपाहारगृहे असत. या विभागणीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशाला तर कोठेच जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ मधील आपल्या बालपणीच्या प्रवासाची हकिकत नोंदवली आहे. वडिलांकडे जाण्यासाठी साताऱ्याहून गाडीने निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली, त्यांची जात कळताच स्थानकप्रमुखाची वागणूक पालटली, आणि पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात जवळ शिदोरी असूनही प्यायला पाणी न मिळाल्यामुळे त्यांना ती रात्र उपाशी काढावी लागली. प्रवासातील अन्नपाणी हा सोयीचा विषय नसून नागरिकत्वाचा विषय आहे, हे या हकिकतीइतक्या स्पष्टपणे दाखवणारे साधन क्वचितच सापडेल.

वर्गभेदाचा परिणाम जातिभेदाइतकाच खोल होता. १९१७ मध्ये महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रात मुंबई ते मद्रास या प्रवासाचे वर्णन आहे. डब्यातील गर्दी आणि घाण यांच्याबरोबरच स्थानकावर मिळणारा चहा, त्यातील अस्वच्छ साखर, दूध म्हणून मिसळलेला पांढरट द्रव आणि माश्या बसलेले खाद्यपदार्थ यांची तक्रार त्यांनी तपशिलाने मांडली. रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांकडून येत असताना सोयी मात्र वरच्या वर्गांसाठी केल्या जातात, हा त्यांच्या पत्राचा गाभा होता. पुढे शतकभरात प्रवासी वर्गांची नावे बदलली. या आक्षेपाचे उत्तर मात्र पूर्णपणे दिले गेले नाही.

गाडीत आलेले भोजनगृह

अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांनी १८६८ मध्ये ‘डेलमोनिको’ या नावाचा, केवळ भोजनासाठी बांधलेला डबा रुळांवर आणला आणि इंग्लंडमध्ये १८७९ मध्ये लीड्स ते लंडन या मार्गावर असा डबा धावू लागला. या डब्याला डायनिंग कार असे नाव मिळाले. त्यात एका टोकाला स्वयंपाकघर आणि उरलेल्या भागात मेजे व खुर्च्या असतात, आणि जेवणासाठी प्रवाशाने आपल्या जागेवरून उठून तेथे जायचे असते. म्हणूनच डायनिंग कारची उपयुक्तता डब्यांना जोडणाऱ्या आच्छादित मार्गावर, म्हणजे व्हेस्टिब्यूलवर, अवलंबून असते. असा मार्ग नसलेल्या गाडीत प्रवाशाला एका स्थानकावर उतरून भोजनाच्या डब्यात चढावे लागे आणि जेवण आटोपल्यावर पुढच्या थांब्यापर्यंत तेथेच बसून राहावे लागे.

भारतातील डायनिंग कार दीर्घकाळ वरच्या वर्गांसाठीच राहिली. १९१२ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून पेशावरपर्यंत सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’, म्हणजे आजची पंजाब मेल, ही सुमारे २,४९६ किलोमीटरचे अंतर ४७ तासांच्या आसपास कापत असे. तिच्या डब्यांना आतून जोडमार्ग होता, भोजनाचा डबा होता आणि साहेबांच्या नोकरांसाठी वेगळा कप्पाही होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला मात्र या गाडीत १९३० च्या दशकापर्यंत प्रवेश नव्हता. चांगल्या जेवणाची सोय गाडीत आली ती अशा रीतीने बहुसंख्य प्रवाशांना वगळूनच आली.

दख्खनच्या राणीचा धडा

या डायनिंग कारचा भारतातील सर्वांत दीर्घायुषी नमुना मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान आजही धावतो. १ जून १९३० रोजी जी.आय.पी. रेल्वेने सुरू केलेल्या डेक्कन क्वीनला आरंभी सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी रंगाचा आणि लाल पट्ट्यांचा, तर दुसरा गडद निळा आणि सोनेरी रेघांचा होता. डब्यांच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनलेल्या होत्या आणि वरचे सांगाडे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले होते. या गाडीतही पहिला आणि दुसरा हे दोनच वर्ग होते. १९४९ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि तिसऱ्या वर्गाचे डबे जून १९५५ मध्ये प्रथमच जोडले गेले. १९६६ मध्ये पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे पोलादी डबे आले, आणि जून २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्यावर आधारित, अधिक सुरक्षित बांधणीचे डबे लागले. या सर्व बदलांत भोजनाचा डबा टिकून राहिला. पूर्वी त्यात ३२ प्रवासी मेजाशी बसू शकत, नव्या डब्यात ही संख्या ४० झाली आहे. पर्यटनासाठीच्या खास आलिशान गाड्या वगळता नियमित प्रवासी गाडीतील अशी डायनिंग कार देशात अन्यत्र उरलेली नाही.

डेक्कन क्वीनमधील चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट आणि साबुदाणा वडा यांविषयी पुणेकर आणि मुंबईकर प्रवाशांना वाटणारी आपुलकी हा केवळ स्मरणरंजनाचा भाग नाही. तिच्यामागे व्यवस्थेची तीन कारणे आहेत. पहिले कारण असे की १९२ किलोमीटरच्या आणि सव्वातीन तासांच्या आसपासच्या प्रवासात पूर्ण जेवण द्यावे लागत नाही, त्यामुळे पदार्थांची यादी आटोपशीर ठेवता येते आणि प्रत्येक पदार्थ मागणीनुसार बनवता येतो. दुसरे कारण असे की बनवणारा आणि खाणारा यांच्यात काही पावलांचेच अंतर असते, त्यामुळे ताटलीतला दोष लगेच बनवणाऱ्याच्या नजरेस आणून देता येतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे या गाडीतील अनेक प्रवासी पासधारक आहेत आणि आज नाराज झालेला प्रवासी उद्या पुन्हा त्याच गाडीत असणार आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळणे ही विक्रेत्याची गरज असते, आणि ही गरज कोणत्याही तपासणी पथकापेक्षा अधिक काटेकोरपणे दर्जा राखते.

लांब पल्ल्याच्या गाडीत यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. मुंबईहून हावड्याला किंवा गुवाहाटीला निघालेला प्रवासी त्याच गाडीत पुन्हा केव्हा बसेल याचा नेम नसतो, गाडीत जेवणासाठी त्याला दुसरा पर्याय नसतो, आणि अन्न कोणी शिजवले हे त्याला ठाऊक नसते. अशा ठिकाणी बाजाराची शिस्त आपोआप लागू होत नाही. तिची जागा बाहेरून लावलेल्या उत्तरदायित्वाने घ्यावी लागते. रेल्वेच्या भोजनव्यवस्थेचा स्वातंत्र्योत्तर इतिहास हा या उत्तरदायित्वाची जागा शोधण्याचा आणि ती वारंवार हरवण्याचा इतिहास आहे.

डायनिंग कारकडून पॅन्ट्री कारकडे

स्वातंत्र्यानंतर प्रवाशांची संख्या वाढत गेली तेव्हा डायनिंग कारचे गणित बिघडले. संपूर्ण डबा काही डझन मेजांसाठी राखून ठेवणे म्हणजे तेवढ्या प्रवाशांची जागा सोडणे होते, आणि हजार-दीड हजार माणसांना एका छोट्या दालनात पाळीपाळीने जेवू घालणे शक्यही नव्हते. त्यामुळे मेजे गेली आणि स्वयंपाकघर उरले. जेवायला येणाऱ्या प्रवाशाऐवजी जेवण प्रवाशाच्या जागेवर जाऊ लागले. या स्वयंपाकघराच्या डब्याला पॅन्ट्री कार म्हणतात. १ मार्च १९६९ रोजी हावडा आणि नवी दिल्ली यांच्या दरम्यान पहिली राजधानी एक्सप्रेस सुरू झाली, १९७२ मध्ये मुंबईला दुसरी मिळाली, आणि तिकिटाच्या दरातच जेवणाचा आकार धरण्याची पद्धत या गाड्यांनी रूढ केली. १९८८ मध्ये सुरू झालेल्या शताब्दी गाड्यांनी हीच पद्धत दिवसाच्या प्रवासाला लावली.

सामान्य प्रवाशाचा विचार धोरणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा ठळक प्रयत्न मधू दंडवते यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या काळात झाला. राजापूरचे खासदार असलेल्या दंडवते यांनी डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू केली आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर गादी बसवण्याचा निर्णय घेतला. झोपण्याच्या जागेबाबत जे घडले ते जेवणाबाबतही घडावयास हवे होते. परंतु गादी एकदा बसवली की ती राहते, तर जेवण रोज नव्याने शिजवावे लागते, आणि म्हणून त्याला एका चांगल्या निर्णयापेक्षा रोजच्या देखरेखीची अधिक गरज असते.

पॅन्ट्री कारमधील काम बाहेरून दिसते त्याहून पुष्कळ कठीण असते. डब्याच्या एका कडेने अरुंद बोळ असतो आणि उरलेल्या जागेत शेगड्या, पाणी तापवण्याचा बॉयलर, शीतपेट्या, धान्याचे कप्पे आणि भांडी घासण्याची जागा बसवलेली असते. वाढपी काही तास आधी डब्यांतून फिरून आसनक्रमांकानुसार मागणी टिपून घेतात, व्यवस्थापक तिची बेरीज करून आचाऱ्याला देतो, आणि ठरलेल्या वेळी भरलेले ट्रे वीस-बावीस डब्यांच्या गाडीत हातांवरून वाहून न्यावे लागतात. उन्हाळ्यात विदर्भातून किंवा तेलंगणातून जाणाऱ्या गाडीत शेगड्यांच्या उष्णतेत हे काम करणारे कामगार रात्री अनेकदा याच डब्यात जागा मिळेल तेथे झोपतात. पूर्वी या शेगड्या स्वयंपाकाच्या गॅसवर चालत. धावत्या गाडीतील ज्योत हा आगीचा धोका असल्यामुळे नव्या डब्यांत विजेवर चालणारी उपकरणे बसवली जात आहेत आणि अशा स्वयंपाकघराला ज्वालाविरहित पॅन्ट्री म्हटले जाते.

तापमानाचा हिशेब

विजेच्या उपकरणांवर शेकडो माणसांचे जेवण शिजवणे अवघड असल्यामुळे, आणि गाडीत स्वच्छता राखण्याला मर्यादा असल्यामुळे, स्वयंपाक जमिनीवरील मोठ्या स्वयंपाकघरांत हलवण्याकडे रेल्वेचा कल आहे. या स्वयंपाकघरांना बेस किचन म्हणतात. तेथे शिजवलेले आणि डब्यांत भरलेले अन्न ठरलेल्या स्थानकावर गाडीत चढवले जाते, आणि पॅन्ट्रीत ते फक्त गरम ठेवून वाटले जाते. ज्या गाड्यांना पॅन्ट्री कार नाही तेथे स्थानकावरून अन्न चढवून डब्यांत विकण्याच्या पद्धतीला ट्रेन साइड व्हेंडिंग असे नाव आहे. वंदे भारत गाड्यांत तर स्वतंत्र पॅन्ट्री कार नाहीच. प्रत्येक डब्यात गरम करण्याची आणि थंड ठेवण्याची छोटी सोय आहे.

ही रचना शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. पण तिचे यश घड्याळावर अवलंबून आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात शिजवलेल्या अन्नातील जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राखणे हा अन्नसुरक्षेचा मूलभूत नियम आहे. भाताच्या बाबतीत धोका अधिक सूक्ष्म असतो. बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत टिकून राहणारे त्याचे रूप, भात शिजल्यावरही जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत काही तास राहिला तर ते वाढून एक विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. गाडी चार तास उशिरा धावत असेल तर स्थानकावर येऊन थांबलेले जेवणही चार तास जुने होते. गाडीच्या विलंबाची सूचना स्वयंपाकघरापर्यंत वेळेवर पोचते की नाही आणि उशीर झालेले अन्न टाकून देण्याचा खर्च कोणी सोसायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे करारात स्पष्ट नसतील, तर ते अन्न टाकले जाण्याऐवजी वाढले जाण्याचीच शक्यता अधिक असते.

मालक कोण आणि जबाबदार कोण

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून रेल्वेने खासगी ठेकेदारांबरोबर खात्यामार्फतही भोजनसेवा देण्यास सुरुवात केली. १९९९ मध्ये इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन, म्हणजे आयआरसीटीसी, ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि भोजनसेवा टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेली. २०१० च्या धोरणाने ती पुन्हा विभागीय रेल्वेंकडे आणली आणि फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने ती पुन्हा आयआरसीटीसीकडे सोपवली. या शेवटच्या धोरणाने अन्न शिजवणे आणि अन्न वाटणे ही कामे वेगळी केली, जेणेकरून शिजवण्याच्या कामावर कंपनीचे अधिक थेट नियंत्रण राहील. धोरणातील प्रत्येक बदलामागे काही तर्क होता. तरीही इतक्या कमी कालावधीत मालकी इकडून तिकडे जात राहिल्यामुळे कोणत्याही एका यंत्रणेला स्वतःचे कौशल्य आणि स्वतःची शिस्त मुरवण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही.

याचा परिणाम नियंत्रक व महालेखापरीक्षक अर्थात ‘कॅग’ यांच्या जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नोंदला गेला. ७४ स्थानके आणि ८० गाड्यांच्या पाहणीवर आधारित या अहवालाने खाण्यास अयोग्य पदार्थ, पुन्हा वापरलेले अन्न, मुदत उलटलेली पाकिटे, अनधिकृत बाटलीबंद पाणी आणि बिल न देता होणारी विक्री यांवर बोट ठेवले. वारंवार बदलणारी धोरणे आणि त्यांतून निर्माण झालेली अनिश्चितता यांचाही उल्लेख त्यात होता. बिल न दिल्यास पैसे देऊ नयेत अशी मोहीम रेल्वेने त्यानंतर हाती घेतली, बेस किचनमध्ये कॅमेरे बसवले आणि अन्नाच्या पाकिटांवर स्वयंपाकघराचा तपशील देणारा क्यूआर कोड छापण्यास सुरुवात केली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण मूळ आर्थिक रचनेला ती स्पर्श करत नाहीत.

ही रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे. गाडीतील भोजनसेवेचा परवाना निविदेने दिला जातो आणि निविदेत इतर निकष असले तरी परवाना शुल्क म्हणून कोण किती रक्कम देतो याला मोठे वजन असते. दुसरीकडे, जेवणाचा दर आणि त्यातील पदार्थांचे वजन रेल्वे ठरवून देते. त्यामुळे जास्त शुल्क कबूल करून परवाना मिळवणाऱ्या ठेकेदाराला ती रक्कम वसूल करण्यासाठी मोजक्याच जागा उरतात : पदार्थाचा दर्जा, पदार्थाचे माप, कामगाराचे वेतन आणि प्रवाशाकडून घेतलेली जादा किंमत. विक्रीच्या प्रमाणात मोबदला मिळणारा वेटर छापील किमतीहून पाच-दहा रुपये अधिक मागतो तेव्हा तो त्याचा वैयक्तिक अप्रामाणिकपणा मानून त्याला दंड करणे सोपे असते. पण ज्या कराराने त्याचे पोट त्या जादा रुपयांवर ठेवले तो करार तसाच राहतो. शिवाय, परवाना देऊन शुल्क घेणारी आणि परवानाधारकाच्या कामावर देखरेख ठेवणारी संस्था एकच असेल, तर महसूल आणि दर्जा यांच्यात निवड करण्याची वेळ येते तेव्हा ती निवड निःपक्ष राहणे अवघड असते.

पॅन्ट्रीपासून दूर असलेला प्रवासी

रेल्वेच्या भोजनव्यवस्थेची चर्चा आरक्षित डब्यांतील प्रवाशांभोवती फिरते, कारण तक्रार करण्याची साधने आणि सवय त्यांच्याकडे असते. अनारक्षित डब्यांतील प्रवासी मात्र या व्यवस्थेच्या जवळजवळ बाहेरच राहिला आहे. हे डबे बहुधा गाडीच्या दोन्ही टोकांना जोडलेले असतात, त्यांच्याकडे जाणारा आतला मार्ग बहुतेक वेळा बंद ठेवलेला असतो, आणि डब्यातील गर्दीत ट्रे घेऊन शिरणे वाढप्यालाही शक्य नसते. फलाटावरील दुकाने बहुधा मध्यभागी असतात. दोन मिनिटांच्या थांब्यात शेवटच्या डब्यातून उतरून तेथवर जाणे आणि परत येऊन जागा मिळवणे जमत नाही. गाड्यांचा वेग वाढला आणि थांबे घटले, तसा या प्रवाशाचा जुना आधार असलेला फलाटावरील ताजा पदार्थ त्याच्यापासून दूर गेला.

या प्रवाशासाठी ‘जनता खाना’ या नावाने सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे यांचे स्वस्त पाकीट रेल्वेच्या यादीत दीर्घकाळ आहे. परंतु त्यात नफा अल्प असल्यामुळे ते ठेवण्याची विक्रेत्याला ओढ नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात रेल्वेने अनारक्षित डबे जेथे थांबतात तेथेच फलाटावर टेबले मांडून असे जेवण २० रुपयांत आणि थोडा अधिक पोटभरीचा अल्पाहार ५० रुपयांत देण्याचा उपक्रम अनेक स्थानकांवर विस्तारला. अन्न प्रवाशापर्यंत नेण्याचा हा साधा विचार रेल्वेच्या अलीकडच्या भोजनविषयक निर्णयांतील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण तो ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्यापासून सुरू होतो. आसनावर बसून भ्रमणध्वनीवरून उपाहारगृहातील जेवण मागवण्याची ई-केटरिंगची सोय ज्यांच्याकडे आरक्षित तिकीट आणि पैसे आहेत त्यांच्यासाठी उपयुक्त आहे. पण ती अनारक्षित डब्यातील प्रश्नाचे उत्तर नाही.

अनधिकृत फेरीवाल्यांचा विचारही याच चौकटीत करावा लागतो. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १४४ नुसार परवान्याशिवाय गाडीत किंवा रेल्वेच्या आवारात विक्री करणे हा कारावासास आणि दंडास पात्र असा गुन्हा आहे. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने नियंत्रण आवश्यक आहे, यात शंका नाही. तरीही भेळ, उकडलेली अंडी, काकडी किंवा फळे घेऊन चढणारा स्थानिक विक्रेता पॅन्ट्री न पोचणाऱ्या डब्यांत प्रत्यक्षात अन्न पोचवतो, ही वस्तुस्थिती आहे. त्याला गुन्हेगार ठरवून हाकलण्याऐवजी स्थानकनिहाय नोंदणी, आरोग्यतपासणी आणि ओळखपत्र देऊन व्यवस्थेत सामावून घेणे हा मार्ग प्रवाशाच्याही हिताचा आहे.

पुढचा मार्ग

रेल्वे आज दररोज पंधरा लाखांहून अधिक जेवणे पुरवते असे सरकारकडून सांगितले जाते आणि एकूण संख्येच्या तुलनेत तक्रारी नगण्य असल्याचाही दाखला दिला जातो. परंतु ज्या प्रवाशाला दुसऱ्या दिवशी घरी पोचायचे आहे, ज्याच्याकडे बिल नाही आणि ज्याला त्या गाडीत पुन्हा यायचे नाही, तो सहसा तक्रार करत नाही. म्हणून तक्रारींची अल्प संख्या हा समाधानाचा पुरावा मानता येत नाही.

सुधारणेच्या दिशा या विवेचनातूनच स्पष्ट होतात. परवाना शुल्काच्या आकड्याऐवजी निश्चित दरात कोण किती चांगली सेवा देतो यावर ठेका द्यावा, आणि शुल्क ठरावीक ठेवावे. देखरेखीचे काम परवाना देणाऱ्या संस्थेपासून वेगळ्या, अन्नसुरक्षेचे ज्ञान असलेल्या यंत्रणेकडे सोपवावे आणि तिचे तपासणी अहवाल गाडीच्या क्रमांकानुसार जाहीर करावेत, म्हणजे परत न येणाऱ्या प्रवाशालाही मागच्या प्रवाशाचा अनुभव उपयोगी पडेल. अन्नाच्या प्रत्येक पाकिटावर शिजवल्याची वेळ ठळक मराठी, हिंदी आणि इंग्रजी अक्षरांत छापावी, कारण तारखेपेक्षा वेळ अधिक महत्त्वाची आहे. वेटरचे वेतन विक्रीपासून तोडावे आणि पॅन्ट्रीतील कामगारांच्या झोपण्याची व आंघोळीची सोय करारात बंधनकारक करावी. थकलेल्या आणि अर्धपोटी माणसाकडून स्वच्छतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अनारक्षित डब्यांसमोरील स्वस्त जेवणाची टेबले उन्हाळ्यापुरती न ठेवता बारमाही करावीत.

प्रवाशाचे कर्तव्यही यात आहे. प्रत्येक वेळी बिल मागणे, दरपत्रक पाहणे आणि अन्न खराब असल्यास १३९ या क्रमांकावर तेथल्या तेथे नोंद करणे, एवढ्या तीन गोष्टी आरक्षित डब्यातील सुशिक्षित प्रवाशाने सातत्याने केल्या तर त्यांचा लाभ तक्रार करू न शकणाऱ्या प्रवाशालाही मिळेल. रेल्वे ही सार्वजनिक संपत्ती आहे, आणि तिच्यातील अनारक्षित डब्यात बसलेल्या माणसाला वाजवी किमतीत स्वच्छ, गरम आणि पुरेसे जेवण मिळते की नाही, हीच तिच्या भोजनव्यवस्थेची खरी कसोटी मानली पाहिजे.